आर्नोकाठची कोल्हापूरची छत्री



आज आपण एक छत्री पाहायला शिकणार आहोत. पावसातली नव्हे, राजेरजवाड्यांच्या समाधीवर बांधतात ती दगडी छत्री. चार-आठ खांब, वर घुमट, भिंती नाहीत. ही छत्री इथून फार दूर आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला कासिने नावाचं लांबच लांब उपवन आहे. ते संपतं तिथं मुन्योने नावाची लहान नदी आर्नो या मोठ्या नदीला मिळते. त्या संगमाजवळ भारतीय घडणीची ही छत्री उभी आहे आणि तिच्याखाली पागोटं घातलेल्या, गळ्यात दागिने ल्यायलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज.

जन्म 1850 चा. 1866 साली गादीवर आले. इंग्रजी उत्तम शिकले आणि 1870 च्या उन्हाळ्यात विलायतेला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणाऱ्यांचा तो काळ. सुएझचा कालवा खुला होऊन वर्षही झालं नव्हतं. युरोप पाहायला गेलेल्या पहिल्या हिंदू राजांपैकी ते एक. मेजवान्या, भेटीगाठी आणि शहरं पाहणं यांत काही महिने गेले, व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. त्यांच्याबरोबरचे कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती 1872 मध्ये लंडनमध्ये छापून काढली, म्हणून आपल्यापर्यंत पोचली. परतीची वाट बेल्जियम, जर्मनी आणि ऑस्ट्रियातून इटलीत उतरणारी होती. वाटेत ते आजारी पडले. तशाच अवस्थेत त्यांना फ्लॉरेन्सला आणलं आणि 30 नोव्हेंबर 1870 या दिवशी तिथल्या एका हॉटेलात त्यांचा अंत झाला. वय वीस.

आता पेच पडला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं, पण तिथं माणसाला अग्नी देण्याची रीत नव्हती. बरोबरच्या मंडळींनी दोन नद्यांचा संगम मागितला. नगरपालिकेनं परवानगी दिली आणि कासिनेच्या टोकाला चिता रचली गेली. शहरातले लोक पाहायला लोटले. इटलीत पहिली रीतसर दहनभट्टी मिलान शहरात पेटली ती 1876 मध्ये, आणि कॅथलिक चर्चनं 1886 मध्ये दहनावर जी बंदी घातली ती 1963 पर्यंत टिकली. त्या मुलखात, त्या वर्षी, नगरपालिकेनं मान डोलावली हे मला या गोष्टीतलं सगळ्यांत मोठं सौजन्य वाटतं.

संगमच का, हे आपल्या मारेगाव-वणीच्या भागात सांगायला नको. आपल्या वणी तालुक्यात जुगादला उभं राहिलं की पलीकडे वढा दिसतं आणि मध्ये वर्धा नि पैनगंगा एक होतात. कार्तिकी पौर्णिमेला तिथं जत्रा भरते. मारेगावातून कितीतरी घरच्या अस्थी त्या पाण्यात गेल्या असतील.

तर ही झाली हकिगत. पण माणूस तरुणपणी गेला म्हणून स्मारक चांगलं ठरत नाही. हळहळ बाजूला ठेवून ते पाहता आलं पाहिजे.

छत्री पाहताना आपली नजर पहिल्यांदा नक्षीकडे जाते. तिला तिथून ओढून आणा आणि आधी पोकळी पाहा. खांब दगडाचे, घुमट दगडाचा. पण कारागिरानं खरं घडवलंय ते मधलं रिकामं. खांब जवळजवळ आले तर आतली जागा कोंडते. फार लांब गेले तर घुमट डोक्यावर येईल की काय असं वाटतं. दोन खांबांमधून पलीकडचं आभाळ कसं कापलं जातं, त्याचा आकार उभा येतो की आडवा, ते पाहा. मग एक पूर्ण फेरी घाला. घराला पुढची बाजू असते, मागची असते. छत्रीला तसं नाही. चांगली छत्री प्रत्येक पावलाला वेगळी दिसते आणि तरी कुठूनही पाठमोरी वाटत नाही.

मग सावली. छत्रीची सावली दिवसभर सरकत राहते, म्हणून सकाळी पाहिलेली छत्री आणि चार वाजता पाहिलेली छत्री सारखी नसते. घुमटाखाली पुढे काढलेला छज्जा असेल तर त्याची काळी पट्टी खांबांच्या माथ्यावर पडते आणि वरचा सगळा भार हलका वाटायला लागतो. हे कारागिराला ठाऊक असतं. छज्जा पावसासाठी असतो हे खरं, पण तो डोळ्यांसाठीही असतो.

कासिनेतली छत्री या कसोट्यांवर कशी उतरते? माझं मत विचाराल तर नक्षी जरा जास्त झाली आहे. ही छत्री रेखाटली चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्यानं. हा माणूस कोल्हापूरला परका नव्हता. तिथला टाउन हॉल त्याचा, आणि नवा राजवाडाही त्याचाच. राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला, तो पाहायला मात्र मँट राहिला नाही. 1881 मध्येच वारला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच होता. हिंदू, मुसलमानी, राजपूत, जिथं जे आवडलं ते उचलून एकत्र करायचं ही त्याची तऱ्हा. त्यामुळे फ्लॉरेन्सच्या छत्रीत पंचगंगेकाठची साधी, जाडजूड दगडी मराठा समाधी शोधाल तर सापडणार नाही. सापडेल ती इंग्रजाच्या मनातली हिंदुस्थानची आठवण. पण पोकळी त्यानं बरोबर सांभाळली आहे. आत माणूस बसलाय, वर छत आहे, चोहोबाजूंनी उजेड आहे.

आता पुतळा. तो घडवला चार्ल्स फ्रान्सिस फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकारानं. स्मारक 1874 मध्ये उभं राहिलं. पुतळा पाहताना एक गोष्ट लक्षात येते: त्याला रंग आहे. त्या काळच्या युरोपातल्या कलाशाळांत संगमरवर पांढरा ठेवणं म्हणजे अभिरुची, रंगवणं म्हणजे जत्रेतला बाजार, अशी समजूत होती. आपल्याला रंगीत पुतळ्याचं नवल वाटणार नाही, कारण आपण ज्या मूर्तींपुढे हात जोडतो त्यांना डोळे रंगवलेले असतात. फुलरनं इथं रंग का घेतला असेल? मला वाटतं, पागोटं आणि अलंकार पांढऱ्या दगडात नुसत्या वळकट्या होऊन राहिले असते. रंगामुळे कापड कापड झालं आणि मोती मोती. पण रंगीत पुतळ्यात एक धोका असतो. डोळा कपड्यांवर रमतो आणि चेहरा राहून जातो. म्हणून अशा पुतळ्यापुढे दागिने झाकून पाहायचे, म्हणजे हात पुढे धरून खालचा भाग आड करायचा आणि फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंत पाहायचं. चेहरा एकटा उभा राहतो का? राहिला तर शिल्पकार जिंकला.

इथून आपण जरा शहरात जाऊ. महाराज ज्या हॉटेलात वारले ते आर्नोच्या काठावर, एका चौकात होतं. त्याच चौकात ओन्यिस्सान्ती नावाचं चर्च आहे. सर्व संतांचं चर्च. आपल्याकडे नागपूरच्या सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, तेही त्याच संतांचं. पाहिलं नसेल तर पुढच्या नागपूरच्या खेपेला पाहून या. फ्लॉरेन्सच्या या चर्चमध्ये थोर चित्रकार बोतिचेल्ली पुरलेला आहे. आणि तिथंच वेस्पुची घराण्याच्या वेदीवर गिर्लांदायो या चित्रकारानं भिंतीवर काढलेलं एक चित्र आहे, 1472 च्या सुमाराचं. याच घराण्यातल्या अमेरिगोच्या नावावरून अमेरिका खंडाला नाव पडलं.

चित्रात माता मरिया मध्ये उभी आहे. दोन्ही बाजूंना एकेक देवदूत तिचा झगा धरून फाकवतो आहे, आणि त्या झग्याखाली वेस्पुची घरातली माणसं गुडघे टेकून बसली आहेत. आई पदराखाली लेकरं घेते तसंच. आता मघाचं सगळं इथं लावून पाहा. मरिया म्हणजे मधला खांब. देवदूतांचे हात म्हणजे कमानीची दोन टोकं. झगा म्हणजे घुमट. आणि आत, रिकाम्या जागेत, माणसं. गिर्लांदायोनं रंगात छत्रीच बांधली आहे. फरक इतकाच की मँटच्या छत्रीत एकटा माणूस आहे आणि या छत्रीत अख्खं कुटुंब मावलंय, म्हातारे, बाया, पोरं. चेहरे निरखून पाहिले तर प्रत्येकाची नजर वेगळी आहे. कुणी भक्तीत आहे, कुणी नुसतं हजर आहे. घरातल्या पूजेला असंच असतं.

महाराज आजारी अवस्थेत आले, तेव्हा चौकातल्या त्या चर्चमध्ये ते गेले असतील असं मानायला जागा नाही. गेले असते तरी हे चित्र दिसलं नसतं. मधल्या शतकांत ते झाकलं गेलं होतं, उजेडात आलं 1898 मध्ये.

युरोपातली मोठी चर्चं पाहताना हीच छत्री पुनःपुन्हा भेटते. रोमच्या सेंट पीटर्समध्ये मुख्य वेदीवर बर्निनी या शिल्पकारानं पितळेसारख्या काशाच्या धातूत चार पिळदार खांबांचं छत उभं केलं, 1624 ते 1633 या काळात. उंची सुमारे 29 मीटर, म्हणजे नऊ-दहा मजले. एवढ्या अवाढव्य चर्चमध्ये मधली पवित्र जागा हरवून जाऊ नये म्हणून घराच्या आत आणखी एक घर. आपल्या देवळातला नंदीमंडप हेच काम लहान मापानं करतो.

आणि फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा घुमट? तो ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं 1420 ते 1436 मध्ये बांधला. आतून सुमारे 45 मीटर रुंद, आठ बाजूंचा, विटांचा, खालून लाकडी साचा न लावता चढवलेला. विटा अशा तिरप्या गुंफल्या की काम चालू असताना त्या एकमेकींना धरून राहाव्यात. छत्रीच्या पोकळीत माणूस मोठा वाटतो, या घुमटाखाली लहान वाटतो. दोन्ही पोकळ्याच. माप बदललं की अर्थ उलटतो.

श्रोतेहो, फ्लॉरेन्सला जाणं आपल्यातल्या फार थोड्यांना जमेल. चंद्रपूरला जाणं सगळ्यांना जमतं. मारेगावहून वणी, वणीहून चंद्रपूर. तिथं झरपट नदीजवळ, अंचलेश्वराच्या देवळाशेजारी, गोंड राजा बीरशहाची समाधी आहे. राणी हिराईनं आपल्या नवऱ्यासाठी अठराव्या शतकात ती बांधून घेतली. महाकालीचं देऊळही तिनंच नव्यानं उभं केलं. राणीनं राजासाठी बांधलेली वास्तू म्हणून तिचं कौतुक नेहमी होतं, ते योग्यच आहे. पण तुम्ही जाल तेव्हा घुमटाखाली उभं राहून कोपरे पाहा. खाली चौकोन आहे, वर गोल आहे. चौकोनावर गोल बसवायचा तर चारही कोपऱ्यांत काहीतरी युक्ती करावी लागते, तिथं कारागीर पकडला जातो. ती युक्ती काय आहे ते मी सांगत नाही. मान वर करून शोधा.

बाहेर आल्यावर आपल्याकडच्या शेतातल्या समाध्याही त्याच डोळ्यांनी पाहता येतील. धुऱ्यावर कडुनिंबाखाली सिमेंटचा चौथरा, वर चार लोखंडी नळ्या आणि टिनाचं छत. कुणा घरानं कापसाच्या पैशातून बापासाठी उभारलेलं. पुष्कळदा टिन इतकं खाली घेतलेलं असतं की फुलं वाहायला वाकावं लागतं, आणि आतली पोकळी मरते. नळ्या दोन फूट उंच घेतल्या तर खर्च फारसा वाढत नाही. यंदा कुणी तसं काम काढणार असेल तर वेल्डिंगवाल्याला आधी जागेवर न्या आणि उभं राहून उंची ठरवा.