मनाच्या दुखण्यास एकच औषध नव्हे



वकिलाकडे माणसे कागद घेऊन येतात. परंतु त्या कागदांखाली पुष्कळदा मनाचे दुखणे दडलेले असते. त्याचा इलाज न्यायालयापाशी नाही, मानसोपचारतज्ज्ञापाशी आहे. तो कसा चालतो, हे आपणांस ठाऊक असावयास हवे.

ही विद्या एका गुरूची नाही. कार्ल रॉजर्स यांनी सांगितले की, प्रथम माणसाचे मनापासून ऐका, त्याचा न्यायनिवाडा करू नका. आल्बर्ट एलिस यांनी 1955 साली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटनेपेक्षा तिच्याविषयीचा हट्टाग्रही विचार माणसास अधिक छळतो, हा तिचा गाभा. कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत आणली. जाणता समुपदेशक समोर कोण बसले आहे हे पाहून या पद्धतींचा मेळ घालतो.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जिचे लेकरू गेले, त्या मातेस आधी रडू द्यावे लागते. तिला तर्क शिकवावयाचा नसतो. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गातील मुलगा 'डॉक्टर झालो नाही तर जन्म फुकट' असे म्हणतो, तेव्हा मात्र तो विचारच तपासावा लागतो. कर्जबाजारी शेतकऱ्यास धीराबरोबर कर्जातून वाटही दाखवावी लागते.

आणि वसतिगृहात ज्याचा जातीवरून अपमान झाला, त्या विद्यार्थ्याचे काय? त्याचे दुःख ही विचारांतील चूक नव्हे. अपमान खराच घडलेला आहे. त्यास समुपदेशकाचा आधार हवा, तसेच 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही हवे. अपमान सोसण्याची सवय लावणे, याला उपचार म्हणता येणार नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 ने जात वा धर्म यांचा भेद न करता शासकीय मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना, शिकवणी वर्गांनाही, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्याचा आदेश दिला. 14416 या क्रमांकावर शासनाचे विनामूल्य साहाय्यही मिळते.

तेव्हा मुलास वर्गात घालताना शुल्काबरोबर समुपदेशकाचे नावही विचारा. तो नसेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.