सुट्टी कोणाची?

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘उन्हाळ्याची सुट्टी आणि आपले कुटुंब’ या विषयावर आम्ही बोलावे, असे कार्यकारिणीने सांगितले. आम्ही काही वक्ते नाही. डोंबिवली पूर्वेला राहणारे, नोकरी करणारे नवरा-बायको आहोत. घरात आजी, एक मुलगी व एक मुलगा. म्हणून उपदेश करण्यापेक्षा आमच्याच घरातील एका उन्हाळ्याची हकीकत आपणांसमोर ठेवतो.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातला उन्हाळा कसा धावपळीचा असतो, हे आपण जाणताच. १४ एप्रिलची जयंती, मग निकाल, लग्नसराई, बुद्ध पौर्णिमा, २७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन, आणि जूनच्या मध्याला पुन्हा शाळा. त्यातच आगोटीची कामे : मिरच्या वाळवायच्या, डंकावरून मसाला कुटून आणायचा, कुरडया-पापड घालायचे, तांदूळ-डाळी निवडून भरून ठेवायच्या. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणपर्यंत. तिच्यामुळेच आपल्यापैकी बहुतेकांची चूल इथे पेटली. पण नोकरदाराच्या दिवसातले दोन-तीन तासही तीच घेऊन जाते. घरी कार्य असले की नेमका त्या रविवारी मेगाब्लॉक !

आणि पाणी ! आपल्याकडचे बरेचसे पाणी उल्हास नदीतून व बारवी धरणातून येते. पाऊस लांबला की कपात ठरलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात आठवड्यातले काही दिवस नळ कोरडे असायचे, ते आपण विसरलेलो नाही. पाणी पहाटे आले तर पहाटे उठून कोणी भरायचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर घराघरांत आधीच ठरलेले असते.

त्या वर्षी आमची मुलगी नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. ‘मोकळी’ हा शब्द आम्हीच वापरला, आणि तिथेच आमची चूक झाली. कल्याणला कोळसेवाडीत नणंदेच्या मुलीचे लग्न होते. नाशिककडचे पाहुणे कसाऱ्याच्या गाडीने यायचे ते आमच्याकडेच उतरायचे. आम्ही दोघे सकाळी साडेसातला घर सोडत असू. मागे पाणी भरणे, पाहुण्यांचा चहा, पोळ्या, भांडी, गच्चीवरचे वाळवण, आजींची औषधे हे सारे मुलीकडे आले. कोणी तिला तसे सांगितले नाही. ते आपोआप तिच्याकडे गेले. मुलगा सातवीतून आठवीत गेला होता. तो सकाळी मैदानावर जाई, तो जेवायलाच परते. दहावीच्या गणित-विज्ञानाचा वर्ग मे महिन्यात सुरू झाला. मुलगी तिथे चार दिवस गेली आणि पुढे गेलीच नाही. आम्हाला ते कळलेही नाही.

महिना संपत आला तेव्हा दुधाचा हिशेब पाहण्यासाठी आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर काढले. प्रत्येक तारखेच्या चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘का ७, अ १’. ‘का ८, अ ०’. ‘का ९, अ ०’. का म्हणजे काम, अ म्हणजे अभ्यास. आम्ही विचारले, “हे आम्हाला दाखवले का नाहीस?” ती म्हणाली, “तक्रार नव्हती करायची. दिवस कुठे जातो ते बघत होते.”

आम्ही दोघेही गप्प झालो. बोलल्या त्या आजी. “मी चौथीत होते. अशाच एका उन्हाळ्यात धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले. जूनमध्ये मला परत शाळेत घालायचे कोणाच्या लक्षातच आले नाही.” एवढे बोलून त्या मिरच्यांची देठे काढत बसल्या. मुलीचे शिक्षण कोणी ठरवून बंद पाडतेच असे नाही, कोणाच्या लक्षात राहत नाही म्हणूनही ते बंद पडते, हे त्या दिवशी आम्हाला उमगले.

बंधू-भगिनींनो, हा केवळ आमच्या घराचा प्रश्न नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. त्यात सहा वर्षांवरील पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारे सुमारे चौघांत एक निघाले, आणि तेही दिवसाला सरासरी ९७ मिनिटे. स्त्रियांत पाचांपैकी चार जणी घरकाम करणाऱ्या निघाल्या व त्यांची सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास ! जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हे माप आपण सभेत टाळ्या वाजवून ऐकतो. घरी ते कॅलेंडरवर लावून पाहत नाही.

मग आम्ही काय केले? कामे कागदावर लिहिली आणि वाटून घेतली. पहाटेचे पाणी बाबांकडे, भांडी मुलाकडे, पाहुण्यांनी आपापले ताट उचलायचे. सकाळी आठ ते अकरा मुलीला कोणी हाक मारायची नाही. सर्व सुरळीत झाले असे नाही. बाबांना दोनदा जाग आली नाही, तेव्हा टँकरचे पाणी विकत घ्यावे लागले. एक पाहुणे रागावून गेले. मुलाने दोन कप फोडले. पण जूनपर्यंत कॅलेंडरवर ‘का ३, अ ४’ असे आकडे दिसू लागले. बुडालेल्या वर्गाची भरपाई पुरती झाली नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. तो मे महिना आम्ही तिला परत देऊ शकलो नाही.

म्हणून आमची आपणांस एकच विनंती. यंदाच्या उन्हाळ्यात सात दिवस आपल्या घरातील प्रत्येकाचे काम आणि अभ्यासाचे वा विश्रांतीचे तास कॅलेंडरवर मांडा. आईचेही मांडा, कारण तिच्या चौकटीत ‘अ’ नसतो आणि ‘सुट्टी’ही नसते. विद्यार्थी मित्रांनो, बहिणीच्या हातातले भांडे घेताना लाजू नका. विद्यार्थिनींनो, आपला हिशेब पेन्सिलीने बारीक लिहू नका. शाईने, ठळक लिहा आणि घरच्यांना दाखवा.



जय भीम ! नमो बुद्धाय !