डोळ्यापुढच्या माशा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, भाषण कधी केले नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात घडले तेच सांगा." म्हणून उभी राहिले.

२०२१ साली सासूबाईंच्या मानेत गाठ आली. लिम्फोमा निघाला. रोगाशी झगडणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींचाच हा कर्करोग. औषधोपचार झाले, गाठ गेली. आम्ही पेढे वाटले, पण कशाचे ते कोणाला सांगितले नाही. घरात लग्नाची मुलगी ना!

२०२३च्या पावसाळ्यात तांदूळ निवडताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, ताटात एवढ्या माशा कशा?" माशी एकही नव्हती. त्यांना धुक्यातून पाहावे तसे दिसे. दुखत मात्र नव्हते. मोतीबिंदू तर आधीच काढलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत सूज आहे म्हणून थेंब दिले. "पूर्वी काही मोठे दुखणे?" त्यांनी विचारले. मी पटकन म्हटले, "नाही."

ते 'नाही' मला अजून टोचते. थेंबांनी काही दिवस बरे वाटे, की पुन्हा माशा. असे पाच महिने घालवले मी.

शेवटी सासूबाईच डॉक्टरांना म्हणाल्या, "मला कॅन्सर झाला होता. ही लाजते, मी नाही लाजत." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. मग त्यांनी समजावले, की तो आजार डोळ्यातही उतरू शकतो आणि वरून साध्या सुजेसारखा दिसतो. स्टेरॉइडच्या थेंबांनी तो थोडा दबतो, म्हणून फसगत होते. थेंब बंद करून डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून तपासला. त्यात त्याच पेशी! डोळ्यातला हा रोग मेंदूतही जाऊ शकतो, म्हणून एमआरआय केला. मेंदू स्वच्छ होता, देवाची कृपा.

मग डोळ्यातच मेथोट्रेक्झेटची इंजेक्शने! आधी आठवड्याला दोन, मग एक, मग महिन्याला एक. डोळा बधिर करतात, तरी मलाच घेरी आली. सासूबाईंनी बाहेर येऊन चहा मागितला. हे औषध अमेरिकेत ज्यांच्या देखरेखीखाली निघाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव मूळचे आंध्रचे, असे मुलीने वाचून दाखवले. त्याचे त्यांना भारी कौतुक.

आता उजव्या डोळ्याने त्या पोथी वाचतात. डावा धूसरच राहिला. उद्या सकाळी त्यांना तपासणीला न्यायचे आहे, तेव्हा फराळाला मी थांबत नाही, राग मानू नये.