दाखल-खारीज



बड्या घरांच्या पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या पंड्यांच्या वह्यांत सापडतात. आपली वही गावच्या शाळेत. लोखंडी कपाटात, वाळवी लागलेलं जनरल रजिस्टर. आपण तिथं जातो ते जात पडताळणीसाठी. 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. पणजोबाच्या ओळीत ‘महार’ दिसला की उतारा घ्यायचा नि एस.टी. पकडायची. बाकी पान तसंच राहतं.

मी गोदीत हमाली करतो, मॅट्रिकपुरतं शिकलोय. पण पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेचं ते पान मी पुरं वाचलं. लोकल बोर्डाच्या काळातलं. पणजोबाच्या नावाला ‘या’ चिकटवलेला, पाटलाच्या पोराला ‘राव’. जन्मतारीख 1 जून. खालच्या पाच पोरांचीही 1 जूनच! अख्खा महारवाडा एकाच दिवशी बाळंत झाला काय? शाळा जूनात भरायची, मास्तर अंदाजानं तारीख ठोकायचा. तवा भरवसा दाखल झाल्याच्या तारखेवर ठेवा.

नाव कमी केल्याचा रकाना तर बोलतो. ‘सतत गैरहजर’, एवढंच. पण तारखा एकाखाली एक मांडा. दिवाळीच्या आगंमागं पोरं गळतात. 1950 ला प्रवरेचा कारखाना उभा राहिला, मागून जिल्हाभर धुराडी. आईबाप कोयता घेऊन निघाले, पोरं बैलगाडीत. 1972 च्या दुष्काळात पोरं खडी फोडायला गेली. गैरहजर म्हणे!

14 ऑक्टोबर 1956 नंतर जातीचा रकाना बघा. कुठं ‘बौद्ध’, कुठं ‘नवबौद्ध’, कुठं जुनंच. केंद्राच्या सवलती बौद्धांना 1990 ला मिळाल्या. तोवर जुना शब्द सोडणं म्हणजे त्यांवर पाणी. एका घरातल्या दोन भावांपुढं दोन शब्द का, हे म्हाताऱ्यांना विचारा. भांडणं निघतील, निघू द्या.

मुख्याध्यापक टाळतील. 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे, दहा रुपयांचं तिकीट लावा.

आणि पणजी? ती कुठंच नाही. नगरलाच फरारबाईंच्या संस्थेत सावित्रीबाई मास्तरकी शिकल्या. तिथनं पाथर्डी पन्नासेक किलोमीटर. पण पणजीपर्यंत शाळा पोचलीच नाही, नि जुन्या रजिस्टरात आईच्या नावाला रकाना नाही. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्यांच्या नावात बापाआधी आई लागते, ते आत्ता. मी तिच्या माहेरी शेवगावकडं गेलो, तिच्या भावाचं पान काढलं. बापाचं नाव मिळालं. तिचं नाव चुलत आजीनं सांगितलं. पणजोबाच्या ओळीची झेरॉक्स आहे, तिच्या कडेला मी ते पेनानं लिहिलंय.