शेवटच्या कवचाचा हिशेब

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



पंगतीत पान वाढताना पहिला मान मिठाचा. हे मीठ सोडियम आणि क्लोरीन या दोन मूलद्रव्यांचे. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेऊ शकतो. म्हणून तो रॉकेलात बुडवून ठेवतात. क्लोरीन तर विषारी वायू. १९१५ साली महायुद्धात त्याने सैनिक मारले गेले. असे हे दोघे एकत्र आले की आपल्या आमटीला चव येते!

हे कसे घडते? अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन कवचाकवचांनी असतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे, तर क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे. सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर, शिवाय मध्ये आतल्या दहांचा आडोसा. केंद्राची ओढ त्याच्यापर्यंत क्षीण होऊनच पोचते, म्हणून तो सहज सुटतो. क्लोरीनच्या शेवटच्या कवचात एक जागा रिकामी, आणि तिथे केंद्राची ओढ जबर. सोडियमचा इलेक्ट्रॉन तिकडे जातो. विरुद्ध विद्युतभाराचे ते दोघे मग एकमेकांना घट्ट धरून बसतात. पोटॅशियमची मांडणी २, ८, ८, १. त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन आणखी दूर, म्हणून पाण्यात तो सोडियमपेक्षाही जोराने पेटतो.

निऑन, आर्गॉन, झेनॉन यांच्या शेवटच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन. म्हणून त्यांना ‘निष्क्रिय वायू’ म्हणत, आणि आठ झाले की विषय संपला, असे मुले पाठ करीत. पण अणूला आठाची हौस नसते. प्रश्न असतो ओढीचा.

कॅनडात काम करणाऱ्या नील बार्टलेट यांना दिसले, की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड हा वायू ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते, कारण त्याचे शेवटचे कवच पाचवे, केंद्रापासून खूप लांब. मग झेनॉन तरी कसा सुटेल? १९६२ साली त्यांनी हे दोन वायू एकत्र आणले आणि लगेच पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. ‘निष्क्रिय’ हे नाव त्या दिवशी खोटे ठरले. लागणारी आकडेवारी मात्र आधीपासून उपलब्ध होती.

पालकांना एवढेच सांगणे आहे. मुलांनी आठाचा नियम जरूर पाठ करावा; पण त्यांना पुढचा प्रश्नही विचारा : शेवटचा इलेक्ट्रॉन किती लांब आहे, आणि केंद्राने त्याला किती घट्ट धरले आहे? रसायनशास्त्र तिथून सुरू होते.

गणपती बाप्पा मोरया!