पाठीला पाठ लावलेली घरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि भाषणाची सवय मुळीच नाही. पुतणीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेले होते. तेथे पाहिलेल्या एका जागेविषयी चार शब्द सांगावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला म्हणून उभी आहे.

ही जागा म्हणजे कामकरी लोकांची ११ घरे व त्यांचा सामाईक चौक. कारखान्यांचे शहर वाढले तेव्हा तेथे अशी घरे हजारोंनी बांधली गेली. एका घराची मागची भिंत तीच दुसऱ्याचीही मागची भिंत. त्यामुळे खिडक्या एकाच अंगाला. वारा आरपार जायचा नाही. एकावर एक अशा तीन खोल्या, मधे अरुंद वळणाचा जिना. त्या शहरातला अशा घरांचा हा एवढाच चौक आता शिल्लक आहे. १९६६ पर्यंत तेथे राहणे बंद झाले, आणि २००४ पासून नॅशनल ट्रस्ट तो लोकांना दाखवते.

चार घरे चार काळांप्रमाणे लावली आहेत. १८४० च्या सुमाराचे घड्याळाचे काटे करणाऱ्याचे, १८७० चे काचेचे डोळे करणाऱ्याचे, १९३० चे कुलुपे करणाऱ्याचे, आणि १९७० च्या सुमाराचे, सेंट किट्स बेटावरून आलेल्या जॉर्ज सॉंडर्स या शिंप्याचे दुकान. कित्येकांचा धंदा आणि संसार एकाच छपराखाली चाले.

माझे पाय मात्र चौकातल्या धुण्याच्या खोलीपाशी थांबले. विटांच्या चुलाण्यात कपडे उकळायचे भांडे बसवलेले. प्रत्येक घराला धुण्याचा वार ठरलेला. पाणी चौकातून भरून आणायचे, संडासही चौकातच आणि सर्वांत मिळून. नळावरची पाळी आणि तिच्यावरून होणारी बोलाचाली आपल्याला का ठाऊक नाही? इंग्रज बाईचेही हात साबणाने असेच फुटत असतील!

घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “धुण्याची खोली काय बघायची?” ज्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत सहा मुले वाढवली, त्यांनाच आपले कष्ट बघण्याजोगे वाटत नाहीत, याचे मला वाईट वाटले.

आपली चाळ आता पाडणार. मोठी घरे मिळतील, मुलींच्या वाट्याची पाणी भरण्याची दगदग सरेल. मला आनंदच आहे. पण सामान बांधताना प्रत्येकीने एक वस्तू बाजूला काढावी. स्टोव्ह असेल, पाटा असेल, रेशनचे जुने कार्ड असेल. ती कोणाची, कधीची, तिच्यावर काय काय केले, हे घरातल्या म्हातारीला विचारून चिठ्ठीवर लिहावे. मंडळाचे एक कपाट त्यासाठी मोकळे करावे. म्हाताऱ्या आहेत तोवरच हे होईल.