चपला बाहेर, व्हायरस आत
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘कॉम्प्युटरचं काहीतरी उपयोगाचं सांग, लेक्चर देऊ नको’ असंही बजावलं आहे.

आपल्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवते का? कापडाखाली झाकलेलं ते एकुलतं एक मशीन आणि दाराबाहेर चपलांची रांग. धूळ जाऊ नये म्हणून चपला काढायला लावत. पण वर्गात कुणीतरी पसरवलं की चपलांमधून व्हायरस आत जातो. आपण सगळ्यांनी ते खरं मानलं. मी तर पाय पुसून आत जायची!

पुढे इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षांहून जास्त काळ काढला. तरीही तीच चूक मी पुन्हा केली. ती आज तुम्हाला सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मोर्शीला आले होते. बाबांना नवा फोन घेऊन दिला, त्यात पैसे भरून अँटिव्हायरस टाकला. ‘आता काळजी नाही. काही विचारलं तर ओके करा,’ असं सांगून मी पुण्याला परत गेले. तीन महिन्यांनी त्यांच्या खात्यातून अठ्ठावन्न हजार रुपये गेले. मला कळलं चार दिवसांनी, तेही आईकडून. बाबा लाजेनं बोललेच नव्हते.

झालं असं, की गावातल्याच एका ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली. त्या माणसानं ती पाठवलीच नव्हती. त्याचा फोन आधीच फसलेला होता आणि तो आपोआप सगळ्यांना फाइल पाठवत होता. बाबांनी ती उघडली. अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायचं का, असं फोननं विचारलं. बाबांनी ओके केलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली. पुन्हा ओके. मग बँकेचे ओटीपी बाबांच्या आधी चोराला दिसू लागले. दोन हजारांच्या हप्त्यासाठी अठ्ठावन्न हजार गेले.

मी फोनवर चिडले, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, “पोरी, तूच तं सांगतलं होतं ना, काही विचारलं तं ओके दाबाचं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग अँटिव्हायरस काय करत होता? तो काय करतो हे आधी समजून घेऊ. पोलीस ठाण्यात फरार गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात, तशी त्याच्याकडे माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी असते. फाइल त्या यादीशी जुळली की तो अडवतो. कुणाचं वागणं संशयास्पद वाटलं तरी हटकतो. पण आज सकाळी तयार झालेल्या चोराचा फोटो त्याच्याकडे कुठून येणार? प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल असा प्रोग्राम बनूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकानं 1980 च्या दशकातच दाखवून दिलं आहे. आणि घरमालकानंच दार उघडून ‘या, बसा’ म्हटलं, तर पहारेकरी तरी काय करणार?

दुसरी गोष्ट अपडेटची. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमध्ये दवाखान्यांची कामं अडली. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं, त्यांच्यातले कित्येक सापडले. पुढच्याच महिन्यात तीच फट वापरणारा दुसरा हल्ला झाला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबलं. म्हणजे आपल्या हातातलं ते ‘नंतर’चं बटणही साधं नाही.

आपण संत्र्याच्या मुलखातली माणसं. हेच बाबा शेंदूरजना घाटला कलमं आणायला जायचे, तेव्हा नर्सरीवाल्याला दहा प्रश्न विचारायचे, कलम उचलून मुळं बघायचे. रोगट कलम एकदा बागेत आलं की डिंक्या मातीत मुरतो आणि मग कितीही औषध मारा, झाड हातचं जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांच्या बुद्धीत कमी काहीच नव्हतं. फोनमध्ये येणारी फाइलही कलमासारखीच कुठून आली ते बघून घ्यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी मी होते आणि मी त्यांना फक्त फवारणीचं औषध देऊन गेले.

म्हणून अँटिव्हायरस काढून टाका असं मी म्हणत नाही. तो ठेवाच. पण चार गोष्टी आपल्यालाच कराव्या लागतील. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं, तेही कुणाचं आहे ते बघून. पीएम-किसानचं खरं ॲप तिथेच आहे. लग्नपत्रिका, बँक, योजना, कुठल्याही नावानं एपीके आली तर उघडायची नाही, भले ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून येवो. अपडेट आलं की टाळायचं नाही. महत्त्वाच्या कागदांची आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायची आणि तो काढून कपाटात ठेवायचा.

आणि फसलोच, तर ताबडतोब 1930 ला फोन लावायचा आणि बँकेला कळवायचं. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. वाटेत कुठे सापडले तर तिथेच गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातही ग्राहकानं किती लवकर कळवलं याला महत्त्व दिलं आहे. आमचे ते चार दिवस लाजेत गेले. पैसे परत आले नाहीत.

ती लाज चोराच्या फार कामाची असते. म्हणून आपल्यातला कुणी फसला तर त्याला हसू नका. आणि आज घरी गेल्यावर आईवडिलांचा फोन हातात घ्या, पण त्यात काही टाकण्याआधी शेजारी बसून अर्धा तास बोला. ‘काही विचारलं तर आधी मला फोन करा, रात्री बारा वाजता केला तरी चालेल,’ एवढं सांगा. मी आता तेच सांगितलं आहे. बाबा दिवसातून तीनदा फोन करतात. कामात असले तरी उचलते.

समोर आपले गुरुजन बसले आहेत. परीक्षेला जाताना ते एकच सांगायचे, ‘उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा.’ फोनच्या पडद्यावर येतो तोही प्रश्नच असतो. ओके दाबण्याआधी तो वाचायचा, एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं.